ओटीच्या खारका

सावनेरहून लग्न होऊन मी शहरात, धरमपेठेत आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सासरही आमच्यासारखं विणकरांचंच, पण माग सोडून कचेरीत गेलेलं, म्हणून नाक जरा वर. आठ महिने झाले तरी सासूबाईंनी मला चुलीला हात लावू दिला नव्हता. भाजी निवडायची, भांडी घासायची, कणीक तिंबायची, बस. मला स्वयंपाक येतो हे त्यांना पटवायचंच, असा हट्ट मी मनात धरून बसले होते.

मग नणंद बाळंतपणाला आली. भर थंडीत तिला मुलगा झाला, सासूबाई बाळ-बाळंतिणीत अडकल्या आणि डिंकाचे लाडू माझ्यावर आले.

"खारका फळीवरच्या डब्यात आहेत," त्यांनी खोलीतूनच बजावलं. "बिघडवले तर पुन्हा चुलीपाशी दिसू नको."

फळीवर डबे दोन होते. मी मागचा मोठा काढला. खारका कसल्या, गोटेच ते, आणि अंगावर हळदीकुंकवाचे डाग. मला वाटलं, शहरात अशाच मिळत असतील. ओल्या फडक्यानं पुसल्या, अडकित्त्यानं फोडून बिया काढल्या, गच्चीवर तीन दिवस ऊन दिलं आणि खलबत्त्यात घातल्या. तळहाताला फोड आले, पण मी काही हटणारी नव्हते. ताजी खारीक बत्त्याला चिकटते. ही इतकी वाळलेली की मैद्यासारखी पूड झाली. तुपात फुललेला डिंक, खोबरं, गूळ, सगळं असं मिळून आलं की लाडू वळताना मीच माझ्यावर खूश होते.

बारशाला आजूबाजूच्या बायका जमल्या. नाव ठेवून झालं, सासूबाई सवाष्णींच्या ओट्या भरायला बसल्या. मागचा डबा उघडला तर रिकामा.

"ओटीच्या खारका कुठं गेल्या वं?"

"लाडवात घातल्या. तुम्हीच तर सांगितलं."

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. ओटीत आलेली खारीक इथं कोणी खात नसे. ती डब्यात जायची आणि पुढच्या ओटीतून दुसऱ्या घरी. तिथूनही तशीच पुढे. सावनेरला आम्ही बहिणी आईच्या ओटीतली खारीक ती घरी पोचताच फस्त करायचो. असा डबा मला कुठून ठाऊक असणार?

बायका कुजबुजायला लागल्या. मला राग आला. मी उठले, लाडवांचं ताट आणलं आणि एकेकीच्या ओटीत गव्हावर खारकेच्या जागी लाडू ठेवत गेले.

"खारीकच हाय, फक्त कुटलेली. खाऊन तर पाहा."

समोरच्या घरची म्हातारी सगळ्यांत खवचट. तिनं आधी तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि दुसरा मागितला.

"तुह्या सासूच्या ओटीत मी एक वाकडी खारीक घातली होती," ती म्हणाली. "चार वर्षांत तीनदा माह्याकडे परत आली. तिलेबी कुटलं काय वं?"

"तिलेच तर पहिले कुटलं. हे फोड तिचेच हायेत."

सगळ्या बायका पोट धरून हसल्या. ओटीतले लाडू घरी पोचेपर्यंत कोणी थांबलंच नाही, तिथंच खाल्ले. ताट रिकामं झालं, आणि इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. बायका गेल्यावर त्यांनी फळीवरचा पुढचा डबा काढला. त्यात नव्या, मऊ खारका होत्या. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"याचेबी लाडू कर," त्या म्हणाल्या. "आन् संध्याकाळचा स्वयंपाकही तूच पाहा. मले बाळापाशी बसू दे."

मी पदर खोचला आणि चूल पेटवली.