दुपारच्या बाटल्या

“माहीत नाही,” भोर तिसऱ्यांदा म्हणाला आणि मी फॉर्मवर तिसरी फुली मारली.

सौदीत तेलाच्या भरभराटीची वर्षं होती. तांबड्या समुद्राकाठच्या एका रिफायनरीच्या लॅबमध्ये मी सीनियर केमिस्ट होतो. पेट्रोलमधला हलका भाग किती चटकन उडून जातो, ते आम्ही मोजायचो. सकाळच्या नमुन्यांचे आकडे बरोबर यायचे, दुपारचे कमी. त्यामागच्या कारणांवर मी चाळीस पानांचा रिपोर्ट लिहिला होता. तो माझ्याशिवाय कोणी वाचला नव्हता. शेवटी मॅनेजर अबू फैसलनी या कोड्यासाठी रिसर्च केमिस्टची जागा काढली आणि उमेदवार पारखायचं काम माझ्यावर टाकलं.

सदाशिव भोर नाशिकचा, एम.एस्सी. अल खर्जच्या डेअरीत दूध तपासायचा. तिथलं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. ही नोकरी मिळाली नाही तर त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, खलास. घरी परत. हे मला ठाऊक होतं. तरी मी समीकरणंच विचारत राहिलो, कारण ती मला पाठ होती.

“तुम्हाला काही विचारायचंय?” मी उदारपणे म्हटलं.

“साहेब, बाहेरच्या बाटल्या मी सावलीत सरकवल्या. चालेल ना?”

“कुठल्या बाटल्या?”

तो दुपारच्या नमाजाच्या वेळी पोचला होता. लॅबचं दार बंद. ड्रायव्हर नमुन्यांचा क्रेट पायरीवर ठेवून मशिदीत गेलेला.

“दूध असतं तर उन्हात नासलं असतं,” तो संकोचून म्हणाला. “पेट्रोलचं मला माहीत नाही.”

ते अर्ध्या तासाचं बंद दार रोजचंच होतं. पाच वर्षं मी त्या वेळात आत एसीत पुस्तक वाचत होतो. बाहेर बाटल्या तापत होत्या. तापलेली बाटली उघडली की हलका भाग मोजण्याआधीच उडून जातो.

सावलीतल्या बाटल्या मी बर्फात गार करून तपासल्या. आकडा सकाळच्या आकड्याशी जुळला.

अबू फैसलनी फॉर्म पाहिला. तीन फुल्या आणि खाली ‘नेमावा’.

“या फुल्या कसल्या?”

“माझ्या आहेत.”

“पण कोडं सुटलं. आता माणूस कशाला?”

“पुढच्या कोड्यावर मी पुन्हा चाळीस पानं लिहीन म्हणून.”

त्यांनी लगेच सही केली. इतक्या लगेच की मला थोडं लागलं.

भोर नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. त्या फुल्यांबद्दल मी त्याला कधी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात तो वारला.

माणूस पारखायच्या आधी परीक्षकाने अर्धा तास दाराबाहेर उभं राहावं. उन्हात.