मनमाडच्या बाईंचं नाक

मी खोटं बोलत नाही. वाढून सांगते. पाहुणा दोनच पोळ्या म्हणाला तरी आपण चार वाढतो ना, तसं. आमच्या ह्यांचं मत जरा वेगळं आहे. ते म्हणतात, "हिच्या हातात मुंगी द्या, सांजच्याला ही तिला सोंड लावून दाखवते."

अशा बाईला फोन मिळाला, आणि फोनात 'कशाचं काय' नावाचा ग्रुप मिळाला. ग्रुपात कुणी कुणाला पाहिलेलं नाही. सकाळी एखादी विचारते, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो? दुपारी कुणाला शाळेच्या फाटकाबाहेरचं बोरकूट आठवतं आणि मग तासभर सगळ्यांच्या तोंडाला पाणी. संध्याकाळी धपाटं आणि थालीपीठ एकच की वेगळं यावरून पानिपत. आमच्यात एक केमिस्ट्री शिकवलेले गृहस्थ आहेत, ते खरं उत्तर देतात. पण ते चष्मा शोधून, पुस्तक बघून, विरामचिन्हं घालून लिहितात. तोवर माझं उत्तर पोचलेलं असतं. क्रांती चौकात सिग्नल लागला की ह्यांच्या स्कूटरवर मागं बसल्या बसल्या मी दोन शंका निकालात काढते. हळदीचं मी असंच लिहिलं होतं: हळद लग्नघरची, साबण परका पुरुष, हात लागला की लाजते. शंभरजण हसले. गृहस्थांचं आम्ल आणि अल्कली कुणी वाचलंसुद्धा नाही.

त्या ग्रुपात मनमाडच्या एक बाई होत्या. नवरा रेल्वेत होता, तो गेला, मुलगा पुण्याला, बाई स्वतःच्या घरात एकट्या. लिहायच्या कमी, पण लिहिलं की स्वयंपाकघर उभं राहायचं. मेतकुटाची डाळ किती भाजायची, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "शेजारीण 'काय करताय' म्हणून विचारेपर्यंत." मला त्यांचा हेवा वाटायचा. मी एवढं वाढून सांगायचे, ह्या बाई तेवढ्यात मोजकं सांगून बाजी मारायच्या.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. कुणीतरी विचारलं, स्वयंपाकाच्या गॅसला असला घाण वास का असतो? गृहस्थांनी सावकाश लिहिलं की त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळाला तर माणसाला कळावं म्हणून तो मुद्दाम मिसळतात. सगळे 'अरे वा' म्हणत होते. तेवढ्यात बाईंनी लिहिलं:

"मला तो येत नाही. उन्हाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून कुठलाच वास येत नाही. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मी तिथंच भाजी निवडत बसले होते. शेजारीण पळत आली म्हणून कळलं. मुलगा म्हणतो, आता घर बंद करायचं आणि पुण्याला यायचं."

ग्रुप गप्प झाला. एवढी माणसं, पण कुणाचं बोट हलेना. आणि मला गप्पपणा सोसत नाही. मयताला गेले तरी मी कुणाला तरी कोपरखळी मारते. मी लिहायला घेतलं.

लिहिलं की बाई, घाबरू नका. आमचे एक चुलत सासरे होते. त्यांचं नाक बारा वर्षं बंद. खाटेच्या पायाला बोकड बांधला तरी विचारायचे, कोण आलंय? एका थंडीत लासूर स्टेशनजवळच्या आमच्या शेतात हुरडा भाजायला बसले. कोवळ्या ज्वारीची पहिली वाफ नाकात गेली आणि काका असे शिंकले, असे शिंकले, की स्टेशनात सुटायला निघालेली गाडी सिग्नल मिळाला नाही असं समजून पुन्हा थांबली. त्या दिवसापासून काकांचं नाक इतकं उघडलं की शेतात बसून सांगायचे, आज वेरूळला कुणाच्या घरी वांगं भाजतायत. खाली शास्त्रही चिकटवलं: कोवळ्या दाण्याच्या वाफेनं नाकातल्या झोपलेल्या नसा जाग्या होतात.

ग्रुप हसला. मोकळा झाला. मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं बाईंचा वेगळा निरोप, फक्त मला. "हुरडा कधी सुरू होतो तुमच्याकडे? मी आले तर चालेल का?"

आता इथं माणसानं काय करावं? सांगावं, की बाई, मस्करी होती. मी लिहिलं, "या की! घर तुमचंच आहे."

ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोणता काका?"

"आहेत हो एक."

"आपल्या घराण्यात? मला न कळता?"

बाई सकाळच्या गाडीनं लासूरला उतरल्या. मला वाटलं होतं, धिप्पाड असतील. चिमणीएवढ्या होत्या. अंगावर लोकरीची शाल, हातात स्टीलचा डबा. डब्यात माझ्यासाठी केलेला चिवडा. शेताकडं जाताना रिक्षात मी बकाणा भरला आणि डोळ्यांत पाणी आलं. मीठ दुप्पट पडलं होतं. वास गेला की चवही निम्मी जाते, हे गृहस्थांनी लिहिलं होतं, पण ते तेव्हा माझ्या वाचनात कुठं होतं. "कसा झालाय?" बाईंनी विचारलं. "असा चिवडा मी जन्मात खाल्ला नाही," मी म्हटलं. आयुष्यात एवढं खरं मी क्वचितच बोलले असेन.

शेतात ह्यांनी आगटी पेटवून ठेवली होती. आगटी म्हणजे उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा. त्यात कणसं खुपसायची, भाजली की गरम गरम हातावर चोळायची; हिरवे दाणे खाली, फोलपटं वाऱ्यावर. सोबत गूळ, लसणाची चटणी, दही. वास असा सुटतो की बांधावरून जाणारा माणूस वाट चुकल्याचं सोंग करून आत येतो. बाई खड्ड्याला अगदी लागून बसल्या. डोळे मिटले. ह्यांनी तळहातावरचा हुरडा त्यांच्या नाकापाशी धरला.

"ओढा बाई, ओढा चांगला."

बाईंनी श्वास ओढला. मी देवाला म्हटलं, एकदा माझं खरं कर. एवढी शिंक दे. गाडी नाही थांबली तरी चालेल.

"येतोय," बाई म्हणाल्या. "थोडा थोडा येतोय. गोड आहे, नाही?"

माझा ऊर असा भरून आला, की आता नाक बरं करणारी म्हणून माझा फोटो लागतो की काय असं मला वाटलं. आणि तेवढ्यात वास आला. मला. केस जळल्यासारखा, घाणेरडा.

"अगं, काय जळतंय?" हे ओरडले.

बाईंच्या शालीचं टोक निखाऱ्यात गेलं होतं. लोकर धुमसत होती, धूर त्यांच्या तोंडावर येत होता, नि बाई डोळे मिटून हसऱ्या चेहऱ्यानं सांगत होत्या, "हो, आला. आता चांगला आला."

मी हातानं शाल झोडपली, ह्यांनी तांब्या ओतला. बाईंनी डोळे उघडले. शालीचं भोक बघितलं. मग आमच्याकडं बघितलं. ह्यांना मी कधी खोटं बोलताना पाहिलं नाही. त्या दिवशी बोलले. "नाय नाय बाई, ठिणगी उडाली जराशी. लगेच विझली."

त्यानंतर आम्ही तिघांनी हुरडा खाल्ला, लई खाल्ला, आणि कुणी वासाचं नाव काढलं नाही.

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनच्या बाकावर बाईंनी शाल घडी करून मांडीवर घेतली, भोक आतल्या बाजूला.

"तुमचे काका," त्या म्हणाल्या, "होते का हो खरंच?"

"काका... होते," मी म्हटलं. "नाक चांगलं होतं त्यांचं."

बाई हसल्या. "अर्धं खोटं असणार, हे धरूनच निघाले होते. उरलेल्या अर्ध्यावर आले."

उरलेलं अर्धं कुठून आणू मी? जमीन खरी होती, ज्वारी खरी होती. मी तेवढीच मोजत बसले.

"मुलाला मी आज फोन करणार आहे," बाई म्हणाल्या. "वास आला म्हणून. तुमचा नंबरही दिलाय त्याला. त्याचा माझ्यावर विश्वास नाही, तुम्हाला विचारेल. तुम्हाला काय, तुमच्या डाव्या हातचा मळ आहे. चांगलं रंगवून सांगा. घर वाचेल माझं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गाडी आली.

मनमाडला पोचायच्या आधीच बाईंनी ग्रुपवर टाकलं: "हुरड्यानं वास परत आला." मग काय विचारता! फुलं, टाळ्या, नमस्कार. एकानं लिहिलं, काकूंना वैद्य पदवी द्या. केमिस्ट्रीवाले तेवढे म्हणाले, "कधी कधी आपोआप परत येतो, आनंद आहे." मी एक हात जोडलेला टाकला आणि फोन पालथा ठेवला.

त्यानंतर मी चहाला गॅस लावला की काडी ओढण्याआधी थांबायला लागले. बटण फिरवायचं, वास घ्यायचा, मग काडी. आमच्या घरात गळतंय म्हणून नव्हे. मनमाडला आत्ता काय चाललं असेल म्हणून. त्या बाईंच्या दुधावर मीच पहारा द्यायला बसल्यासारखी सकाळी उठायचे आणि मनात म्हणायचे, बाई, आज चहा बिनदुधाचा प्या.

"सांगून टाक," हे म्हणाले.

"कुणाला?"

"ज्याला सांगायचं त्याला. तुला काय शब्दांचा तोटा पडला व्हय?"

मग मुलाचाच फोन आला. आवाज सभ्य, दमलेला. "काकू, त्रास देतोय. आई म्हणते तिला वास यायला लागला. तुम्ही तिथं होतात. खरंच का?"

माझ्या जिभेवर अख्खी जत्रा तयार होती. बाईंनी विहिरीवरच्या लिंबाचं पान लांबून ओळखलं. दह्याला झाकण असताना आंबट आहे म्हणाल्या. एकेक पाळणा फिरत होता. समोर हे मटार सोलत बसले होते; ते सोलायचे थांबले.

"नाही," मी म्हटलं. "शाल जळाली तरी त्यांना कळलं नाही."

मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. तुमचे उपकार आहेत." शिव्या घातल्या असत्या तर झेपलं असतं.

महिना सरायच्या आत मनमाडच्या घराला कुलूप लागलं. मी ग्रुपवर, नाव न घेता, विचारलं की एखाद्याला वास येत नसेल तर घरात काय करता येतं. खरं उत्तर हवं म्हणून विचारलेला तो माझा पहिला प्रश्न. गृहस्थांनी चष्मा शोधून लिहिलं: गॅस गळला की ओरडणारं यंत्र मिळतं, ते भिंतीला लावायचं. विजेची शेगडी मिळते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, ते रोज ठरावीक वास घ्यायची सवय करायला सांगतात, काहींना फायदा होतो. एवढं सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. बाईंनी लिहिलं त्याच दिवशी ठाऊक होतं. बहुतेक तो लिहायलाही बसला असेल. पण तेवढ्यात मी माझा काका घुसवला, सगळे हसायला लागले, आणि त्या हसण्यावर कुणी शहाणपणाचं बोलणं म्हणजे लग्नात रडणं.

बाईंचा फोन परवा आला. पुण्याहून. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"सगळ्या जगाला थापा मारता," त्या म्हणाल्या, "माझ्याच पोराला तेवढं खरं सांगायचं होतं?"

"बाई, मला भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्ही जाल म्हणून. गॅसनं."

"मग ते मला सांगायचं. माझ्या तोंडावर. लासूरच्या बाकावर बसलो होतो ना आपण? तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

मी यंत्राचं सांगितलं, शेगडीचं सांगितलं, डॉक्टरांचंही. मुलाशी मी बोलते म्हटलं. एकही शब्द फुगवला नाही, त्यामुळं ते सगळं दोन वाक्यांत संपलं.

"आता सांगता," बाई म्हणाल्या.

तिकडं कुकरची शिट्टी झाली. बाईंनी फोन जरा लांब धरला आणि आत कुणाला तरी विचारलं, "अगं, डाळ लागली का? बघतेस का जरा?" मग मला म्हणाल्या, "ठेवते."

आणि ठेवला नाही.