रविवार सोडून

वर्ध्यातल्या एका खासगी दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. दुकान सिंदी मेघेत. हाताखाली टेक्निशियन एकच, रोज अल्लीपूरहून येणारा, लेकराबाळांचा माणूस. मागच्या वर्षी त्यानं सरळच सांगितलं, "दादा, या दवाखान्याले काही टायमिंग आहे का नाई? जेवाले बसलो तं फोन, सासऱ्याच्या तेरवीत फोन. लिहून घ्या त्यायच्याकडून, नाई तं मी चाललो नागपूरले."

तो गेला असता तर दुकानाला कुलूप लागलं असतं. एकट्यानं हे काम ओढणं आता माझ्याच्यानं होत नाही.

मग करार लिहायला बसलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. चार ओळी लिहून घ्यायला वकिलाच्या दारात जाणार नाही, एवढा ताठा माझ्यात आहे. साध्या मराठीत लिहिलं. नोंदणीची खिडकी बंद पडली तर पहिला प्रकार, एका तासात माणूस येईल. एखादं मशीन बिघडलं तर त्याच दिवशी. बाकीचं दुसऱ्या दिवशी. रविवारी फक्त पहिला प्रकार.

दवाखान्याचे मॅनेजर माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी चहा सांगितला आणि कागद न वाचताच बाजूला सारला.

"काऊन रे, आपल्यात कागद कधीपासून आला? माह्या पोरीच्या लग्नात पंगत वाढून राह्यला होता तू."

"म्हणूनच तर, काका. पंगत वाढता वाढता तुम्ही मले लॅबची वायर पाहाले धाडलं होतं."

ते हसले. मग चष्मा लावून वाचलं, आणि पेन घेऊन प्रत्येक कामापुढे 'एक तास' लिहून टाकलं.

"आमच्याकडं सगळंच अर्जंट असते, बापू. मोठे डॉक्टर ओरडतात ते माह्यावर. तुह्यावर नाई."

तीन चकरा झाल्या तरी गाडी तिथेच. शेवटी त्यांचा मान राहावा म्हणून मी एक ओळ वाढवली: तक्रार कोणत्या प्रकारची, हे मॅनेजर ठरवतील. ती वाचून त्यांनी आपले 'एक तास' खोडले आणि लगेच सही केली. टेक्निशियनला कागद दाखवला. त्यानं रविवारची ओळ बोट ठेवून वाचली आणि नागपूरचं नाव काढणं सोडलं.

त्यानंतरच्याच एका रविवारी दुपारी काकांचा फोन. मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमधला प्रिंटर अडकला होता.

"पहिला प्रकार आहे," ते म्हणाले.

"काका, प्रिंटर?"

"मी ठरवाचं आहे ना?" मग आवाज खाली आला. "समोरच बसले आहेत रे ते. ये ना."

ती ओळ माझ्याच हातची होती. टेक्निशियनला फोन लावला नाही. पिशवी गाडीला अडकवली आणि उन्हात मीच निघालो.