अप्पांनी उतरवलेले चार इंच

गाडीला काय झालंय, हे शिवलिंगअप्पा आधी कधीच विचारत नसत. उमरग्याला हायवेच्या कडेला त्यांचं कमानपाट्यांचं, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, वर्कशॉप होतं. दारात गाडी थांबली, की कपाळावरच्या भस्माला धक्का न लावता घाम पुसत ते बाहेर यायचे आणि म्हणायचे, "किती वर्सं चालवायची हाय?" नवखा माणूस गोंधळून जायचा. कुणी "बघू, दोनेक वर्षं" म्हणालं, तर अप्पा सरळ समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवायचे.

मुरुम गावाजवळ माझी भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. रोपांचे ट्रे गावोगाव पोचवायला पिकअप घेतली, तेव्हा त्यांच्या प्रश्नाला मी छाती काढून "बारा वर्षं" असं उत्तर दिलं होतं. "मंग आपलं जमंल," असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला.

नर्सरीच्या वाटेवर एक ओढा आहे. त्यातले धोंडे गाडीच्या पोटाला घासायचे. वर्षभरानं मी अप्पांना म्हणालो, "गाडी चार इंच उचलून द्या." खरं सांगायचं तर निम्मं कारण ओढा होता आणि निम्मं शान. सोलापुरात एका ओळखीच्याची उचललेली गाडी पाहिल्यापासून माझी मला बुटकी वाटायला लागली होती.

अप्पांनी विटेचा एक तुकडा माझ्या पायापाशी टाकला. "टाचंखाली बांध आन् दोन दिवस चाल. मंग गुडघ्याला इचार काय म्हणतोय. उंची मिळती लेका, वय जातंय."

मला राग आला. अप्पा आता जुन्या जमान्यातले झाले, असं मी मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या गावी जाऊन काम करून घेतलं. मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसले, पुढची बाजूही चढली, आणि अर्ध्या दिवसात गाडी चार इंच उंच झाली. त्यानंतर दीड वर्ष मी उमरग्यात मागच्या गल्लीनं शिरत होतो. अप्पांच्या दारावरून जायची हिंमत नव्हती.

सुरुवातीला ऐट होती. बायको मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्यात बसलं की झाडावर बसल्यागत वाटतंय." वळणावर ट्रे कलंडू लागले. टायर आतल्या बाजूनं झिजले. मग वेग घेतला की खालून घूं घूं ऐकू येऊ लागलं. मी गाण्यांचा आवाज वाढवला. शहाणपण उतू जात असलं की माणूस हेच करतो.

एके दुपारी नळदुर्गजवळ खाली धाडकन आवाज झाला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारा शाफ्ट तुटून रस्त्यावर आपटत होता. मागं टोमॅटोची रोपं, शेजारी बायको. कशीबशी गाडी कडेला घेतली. बायको उडी मारून उतरली, पदर सावरला आणि एवढंच म्हणाली, "अप्पांकडं चला."

दुसऱ्या गाडीला टोचन लावून गाडी त्यांच्या दारात आणली. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. अप्पांनी पोतं अंथरलं, खाली सरकले आणि मलाही आत बोलावलं.

"ह्यो जोड बघ. चार इंचानं वाकडा फिरत हुता, म्हनून खाल्ला गेला. आन् ह्यो ब्रेकचा पाइप. किती ताणलाय बघ. आजून थोडं, आन् ब्रेकच लागला नसता."

गाडीखालून मला बाहेर उभ्या असलेल्या बायकोच्या चपला दिसत होत्या.

"लोखंड बोंबलत न्हाय लेका," अप्पा हळूच म्हणाले. "गप झिजतंय."

मी तेव्हा त्यांचे पाय धरले असते, पण दोघंही उताणे पडलो होतो.

त्यांनी ठोकळे काढले, गाडी होती तेवढी केली. पुढच्या सोमवारी, म्हणजे महादेवाचा वार म्हणून त्यांचं वर्कशॉप बंद असायचं त्या दिवशी, ते पहार घेऊन नर्सरीवर हजर झाले. आम्ही ओढ्यातले धोंडे बाजूला सारले आणि वर मुरूम पसरला. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, "वाट नीट होत हुती की. गाडीला कशापायी शिक्षा?"

गेल्या साली अप्पा गेले. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. त्यांना पुरायचं होतं गावाकडच्या शेतात. वर्कशॉपसमोर गाड्यांची रांग होती, तरी त्यांच्या मुलाचा, शरणप्पाचा, मला फोन आला. "तुमचीच आणा. बसकी हाय, हलणार न्हाय."

फुलांनी सजवलेलं विमान, म्हणजे अप्पांना बसवलेली पालखी, चौघांनी सहज उचलून मागं ठेवलं. आत अप्पा, कपाळावर भस्म, मांडी घातलेले. मी सावकाश निघालो. शेताच्या अलीकडे एक खड्डा चुकवता आला नाही. आरशात पाहिलं. चार झेंडू खाली पडले होते, अप्पा ताठ बसले होते.

तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

"अप्पा, गाडीला बारावं वर्ष चालू आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

शेजारी बसलेल्या शरणप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.