दुसराच कोणीतरी पत्ते वाटतोय

सिग्रून वर्षभर बस चालवते आणि ईस्टरच्या सुट्टीत आमच्या गावच्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये संगणकांचं जाळं उभारते. नॉर्वेभरातून पोरं घरचे संगणक आणि उशा घेऊन खेळायला येतात. मी तिच्या हाताखाली असतो.

यंदा अंतिम सामन्याच्या तोंडावर निम्मे संगणक एकमेकांना दिसेनासे झाले. पंच म्हणाले, "सहापर्यंत सुरू झाला नाही, तर सामना रद्द."

केबल जोडली की संगणक अख्ख्या जाळ्यात हाक मारून जाळ्यातला पत्ता मागतो आणि जो पहिलं उत्तर देईल त्याने दिलेला पत्ता घेतो. हे उत्तर द्यायचं काम आमच्या मुख्य यंत्राचं. सिग्रूनने स्वतःचा लॅपटॉप जोडला. त्यालाही भलताच पत्ता मिळाला.

"आपल्याआधी दुसरंच कोणीतरी उत्तर देतंय," ती म्हणाली. तो पत्ता देणाऱ्या यंत्राचा क्रमांक तिने हॉलच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या पेटीत, शोधला. तो भिंतीकडच्या टेबलाच्या केबलवर सापडला. आम्ही पळत सुटलो.

तिथे आयविंड नावाच्या खेळाडूने घरचा राउटर लावला होता आणि तोच पत्ते वाटत होता.

"चौघांत एकच केबल होती गं," तो पुटपुटला.

"म्हणून अख्ख्या हॉलचा पोस्टमन झालास होय रे? घरून सोफा नाही आणलास ते नशीब."

तिने राउटर काढला, त्याच्या जागी पत्ते न वाटणारा साधा स्विच लावला आणि माइकवरून सगळ्यांना केबल काढून पुन्हा लावायला सांगितलं. तिच्या पडद्यावर एकेक संगणक दिसू लागला, मग इतके भराभर आले की मला नावं वाचता येईनात. सहाला काही मिनिटं कमी असताना पंचांनी सामना सुरू करायची शिट्टी वाजवली.