राखेच्या खड्ड्याची जागा

इंजिनाला मी कोळसा दिला, पाणी दिलं, चाकाखाली टाकायला वाळूसुद्धा दिली. पण त्यानं राख कुठं टाकावी, हे ठरवायचंच विसरले. घर बांधून मोरी विसरावी, तसला हा शहाणपणा. तोही सत्तरी उलटल्यावर.

झालं असं, की नातू पुण्याला शिकायला गेला आणि त्याची खेळण्यातली आगगाडी माळ्यावर पडली. मी ती खाली काढली. धाराशिवच्या आमच्या घरातली मागची खोली रिकामीच होती. तिथं प्लायवूडची मोठी फळी टाकून रूळ अंथरले आणि लहानपणी गावाकडं पाहिलेलं इंजिनांचं शेड उभं करायला घेतलं. सून म्हणाली, "आत्याबाई, ह्या वयात बायका काशीला जातात." म्हटलं, "मीपण निघालेय, आधी इंजिनात पाणी तर भरू दे."

थट्टा राहू द्या. खरं कारण माझा थोरला भाऊ. तो बेंबळीला राहतो. काचबिंदूनं एक डोळा गेला, दुसऱ्यात नुसतं धुकं. हा माणूस शेडात वाढलेला; पोरवयात इंजिनं पुसायला लागला तो पुढं ड्रायव्हर होऊनच थांबला. अरुंद रुळांची ती छोटी गाडी कधीच गेली, शेड पडलं, आता तिथं बाभळी आहेत. फोनवर म्हणाला होता, "उरल्याला डोळा जायच्या आत एकदा शेड दाव गं मला."

म्हणून मी हट्टानं सगळं जागच्या जागी मांडत होते. बॉलपेनच्या नळीचा पाण्याचा खांब, काडेपेट्यांचा कोळशाचा ओटा, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची इंजिन फिरवायची तबकडी. फक्त पाण्याचा खांब आणि शेडाचं दार यांच्या मधे वीतभर फळी मोकळी राहिली. तिथं काही टिकेचना. तुरीच्या काटकीचं झाड चिकटवलं, ते सकाळी आडवं. दुपारी त्या बाजूला हात गेला की तापल्या राखेवर पाणी ओतल्यासारखा वास यायचा. मी उठून स्वयंपाकघरात जायची, गॅस बघून यायची. तेवढ्याच जागेवर करडी धूळ बसायची. पुसली तरी पुन्हा. कुटलेल्या कोळशाची असेल, असं मी स्वतःला सांगायची.

खरं सांगायचं तर खऱ्या शेडातल्या त्या जागेला मी शाळकरी वयापासून भ्यायचे. तिथं हडळ होती. या डोळ्यांनी पाहिलेली! एका दुपारी शाळेतून येताना शेडाच्या तारेच्या कुंपणापाशी थांबले, तर समोर वाफेचा लोट उठला आणि त्यातून एक बाई वर आली. केस करडे, तोंड करडं, हात कोपरापर्यंत करडे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एकदम खाली बसली. दिसेनाशी झाली. मी पाटी तिथंच टाकून पळाले.

मग काय, ही अक्कलवान पोरगी गावभर सांगत सुटली. दप्तरात लिंबू, परकराच्या नेफ्यात मिठाची पुडी. आईला तर रोज बजावायची, "आये, शेडाकडं जाऊ नको, हडळ धरंल."

आई चुलीत अर्धवट जळका कोळसा सारत म्हणायची, "धरू दे की. म्हनंन तिला, चल भाकरी थापायला."

भाकरीला इंजिनाचा वास येतो म्हणून कुरकुर केली, तर म्हणायची, "मग शिट्टी मारत खा."

तो कोळसा येतो कुठून, हे मी कधी विचारलं नाही. टाकून दिलेली पाटी त्याच संध्याकाळी चुलीपाशी भिंतीला टेकवलेली सापडली होती. मी मानलं, हडळीनं घर शोधून पोचवली. आणखीच भ्याले.

गेल्या महिन्यात भाऊ आला. फळीपाशी उभा राहून बोटांनी बघत गेला. "हां, हितं कोळसा. हितं वाळू." पाण्याचा खांब हाताला लागला तसा लहान पोरागत हसला. मग बोटं त्या मोकळ्या जागेवर आली आणि थांबली. मागं गेली, पुन्हा आली.

"खड्डा कुठाय?"

"कसला?"

"राखंचा, येडे. इंजिन आलं की आदी आग पाडायची, राख झाडायची. त्याबिगर शेडात घेतंय कोन?"

मी हसत म्हटलं, "दादा, तिथं हडळ नव्हती का? हात धजला नाही माझा."

तो हसला नाही. खुर्ची चाचपून बसला, बोटांना लागलेली करडी धूळ अंगठ्यानं चोळत राहिला.

"आयनं तुला कवाच सांगितलं न्हाय?" तो म्हणाला. "राखंवर पानी मारलं की ती खड्ड्यात उतरायची, जळकं कोळसं येचायला. तू तारंपाशी दिसलीस की खाली बसायची. मास्तरच्या पोरीसंगं शाळंत जायचीस ना तू. चारचौघीत तुला मान खाली घालाय लागू न्हाय म्हनून."

"आणि पाटी?"

"तिनंच आनली की. लुगड्याला पुसून."

खोलीत तो वास भरून राहिला होता. या खेपेला मी गॅस बघायला उठले नाही. फळीवरच्या त्या वीतभर जागेकडं बघत विचारलं, "दादा, आता काय करू रे?"

"खड्डा कर. त्यात एक बाई ठिव, राखंच्याच रंगाची. आन् तिला खाली बसवू नको, हुबी कर. त्वांड तुझ्या शाळंच्या वाटंकडं."