अन्वरचा टर्नटेबल

मित्रांनो, आज अकोल्याहून रेकॉर्ड वाजवायचा जुना टर्नटेबल घेऊन अमरावतीला परतलो, पण मन काही परतलं नाही.

माझ्या बजेटात पट्ट्यावर फिरणारेच बसत होते. मला डायरेक्ट ड्राइव्ह हवा होता, थेट मोटरवर फिरणारा. स्वस्तातली जाहिरात पाहून ती देणाऱ्या सलीमभाईंच्या घरी गेलो.

टर्नटेबल त्यांच्या मोठ्या भावाचा, अन्वरचा. तो लग्नांत गाणी वाजवायचा. सततच्या नापिकीत लग्नं आटोपशीर झाली, त्याचं काम थांबलं. रोजगारासाठी सुरतेला गेला, तो परतलाच नाही. फोनही नाही.

तपासायला रेकॉर्ड लावली. वेग अगदी स्थिर होता. तेवढ्यात त्यांची म्हातारी अम्मी भिंत धरत बाहेर आली.

"अन्वर आया क्या?"

"नहीं अम्मी, गिराईक है."

मी म्हणालो, "राहू द्या मग."

सलीमभाई हळूच म्हणाले, "न्या भाऊ. हा घरात हाये तवर अम्मी रात्री दार लावू देत नाई."

अम्मी खाली बसली. मला म्हणाली, "ने बाबा. पन हे गानं पुरं होऊ दे."

गाणं संपेपर्यंत ती दाराकडेच पाहत होती.

आता टर्नटेबल माझ्या टेबलावर आहे. बटण दाबायला मन धजत नाही. तुम्ही असता तर आणला असता का?